मोजणीसाहेबांच्या ड्रोनचा कान

ड्रोन घरी बनवायचा असं मोजणीसाहेबांनी ठरवलं नव्हतं. ते त्यांच्या तोंडून निघून गेलं. आणि तोंडून निघालेला शब्द एकदा मेव्हणेबुवांच्या कानावर पडला, की तो परत घेता येत नाही, हा त्या घराचा जुना कायदा आहे.

झालं होतं असं. साहेब जमीन मोजणीच्या कचेरीत. एकतीस वर्षं उन्हातान्हात हिंडून, भांडणाऱ्या दोन भावांच्या मधोमध उभं राहून त्यांनी लोकांचे बांध मोजले होते. त्या आठवड्यात कचेरीने बाहेरून एक ड्रोन मागवला. साहेबांना जे शेत मोजायला तीन दिवस लागले असते, ते त्या भिरभिऱ्याने चाळीस मिनिटांत उरकलं. शिवाय ड्रोन चालवणारी मुलगी त्यांना म्हणाली, "काका, तुम्ही दमला असाल. बसा ना." काका! ज्या माणसाला बघून सरपंच खुर्ची पुसतात, तो काका!

रविवारी सकाळी चहाच्या वेळी साहेबांनी हा अपमान घरी सांगितला. खरं तर मेव्हणेबुवा समोर असताना सांगायला नको होता. मेव्हणेबुवा म्हणजे साहेबांच्या बायकोचे धाकटे बंधू. ते दर रविवारी येतात आणि ज्या विषयातलं आपल्याला काही कळत नाही, त्यावर आधी बोलतात.

"दाजी, वाईट वाटून घेऊ नका," ते बिस्कीट बुडवत म्हणाले, "पण ते तंत्रज्ञान आपल्या वयाच्या माणसाचं नाहीच."

"त्यात काय आहे एवढं? चार पंखे आणि मधे एक डबी!" साहेब म्हणाले. "मी घरी बनवीन."

साहेबांच्या बायकोने चष्म्यावरून नवऱ्याकडे बघितलं. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी असे बरेच संकल्प चष्म्यावरून पाहिलेले होते.

सुरुवात मात्र झोकात झाली. सांगाडा आला, मोटारी आल्या, दोन रविवारांत साहेबांनी त्या अशा काटेकोर बसवल्या की मेव्हणेबुवांनाही खोट काढायला अर्धा तास लागला. मग आला ऑटोपायलट बोर्ड. हा ड्रोनचा मेंदू. आकार काडेपेटीएवढा. "मेंदू आटोपशीरच असावा," असं म्हणून साहेबांनी मेव्हणेबुवांकडे पाहिलं. आणि शेवटी, एका भल्यामोठ्या खोक्यात, भरपूर बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला रिसीव्हर आला. रिमोटवरून हवेतून येणारा हुकूम ऐकायचा आणि मेंदूला सांगायचा, हे त्याचं काम. तो करंगळीच्या नखाएवढा होता.

"हा रिसीव्हर?" बायकोने विचारलं. त्या टेलिफोन एक्स्चेंजमधून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेल्या. "मी एकोणतीस वर्षं रिसीव्हर कानाला लावून बसले होते. तो एवढा असायचा." त्यांनी कोपरापासून मनगटापर्यंत हात दाखवला.

"अगं, काळ बदलला," साहेब म्हणाले, आणि शिंकले.

मोजणीसाहेबांची शिंक ही साधीसुधी बाब नाही. तिने आजवर कचेरीतले नकाशे उडवलेले आहेत. शिंक ओसरल्यावर टेबलावर खोकं होतं, प्लास्टिक होतं, सूचनांची पुस्तिका होती. रिसीव्हर नव्हता.

साहेबांनी तिथल्या तिथे हॉलमध्ये संचारबंदी लागू केली. दोरी बांधून फरशीचे चौकोन आखले आणि पोटावर झोपून एकेक चौकोन तपासायला सुरुवात केली. कोणी जागचं हलायचं नाही! बायको दाराशी उभ्या, साहेब जमिनीवर, आणि मेव्हणेबुवा या चौकोनातून त्या चौकोनात फिरत, "दाजी, तिकडे नाही, तिकडे मी बघितलंय," असं मार्गदर्शन करत होते. दीड तासाने ते थकून सोफ्यावर पाय वर घेऊन बसले, तेव्हा रिसीव्हर सापडला. त्यांच्या डाव्या पायमोज्याच्या टाचेला चिकटला होता.

"बघा, मी म्हटलं होतं, खाली नाहीये," मेव्हणेबुवा म्हणाले.

आता प्रश्न जोडणीचा. रिसीव्हरला चार ठिकाणी चार तारा जोडायच्या, त्याही केसासारख्या. इमारतीच्या खालीच एक घड्याळ दुरुस्तीवाले बसतात. बायकांच्या इवल्या घड्याळांच्या पोटात शिरून त्यांची दृष्टी इतकी बारीक झालेली, की समोर उभं असलेलं गिऱ्हाईक त्यांना चटकन दिसत नाही. साहेबांनी त्यांच्यासाठी रीतसर नकाशा काढून नेला. प्रमाण एकास वीस, खाली सही, वर उत्तर दिशा.

"उत्तर दिशा कशाला?" घड्याळवाल्यांनी डोळ्याला भिंग लावत विचारलं.

"सवय," साहेब म्हणाले. "सोपं आहे. दोन तारा विजेच्या. उरल्या दोन. रिसीव्हरवर टी आणि आर लिहिलंय, बोर्डावरही टी आणि आर लिहिलंय. टीला टी, आरला आर."

"नक्की?"

"अहो, सारख्याला सारखं! यात विचार करण्यासारखं काय आहे?"

घड्याळवाल्यांनी मान डोलावली आणि मोहरीएवढे चार डाख असे लावले, की साहेबांना भरून आलं.

मग रिमोट आणि रिसीव्हर यांची ओळख करून द्यायची होती. पुस्तिकेत लिहिलं होतं, रिसीव्हर तीन वेळा चालू-बंद करावा. त्यावर मेव्हणेबुवांनी मूलभूत शंका काढली. तीन वेळा चालू आणि तीन वेळा बंद, की दोन्ही मिळून तीन? आणि आता जे चालू आहे ते धरायचं की सोडायचं? यात तो अख्खा रविवार गेला. दोनदा मोजणी चुकली, एकदा मोजणाऱ्याशी भांडण झालं. शेवटी मेव्हणेबुवा हात धुवायला उठले, तेवढ्यात साहेबांनी शांतपणे एक, दोन, तीन केलं आणि दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला. ओळख पटली!

साहेबांनी बोर्ड कॉम्प्युटरला जोडला. पडद्यावर चार पट्ट्या होत्या. रिमोटच्या दांड्या हलवल्या की या पट्ट्यांनी हलायचं. साहेबांनी दांडी पुढे केली. पट्टी ढिम्म. मागे केली. ढिम्म. दोन्ही दांड्या गोल फिरवल्या. सरकारी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत अर्ज घेऊन आलेल्या माणसाकडे जसं बघतात, तसा तो पडदा साहेबांकडे बघत राहिला.

पुढचे पंधरा दिवस साहेबांना जिना चढणं-उतरणं अवघड झालं. शेजारच्या ब्लॉकातले विमा एजंट म्हणाले, "चालत नाहीये ना? मग हीच विमा काढायची योग्य वेळ." बोर्ड बनवणाऱ्यांना साहेबांनी सविस्तर पत्र पाठवलं, मुद्दा क्रमांक एक ते अकरा. उलट टपाली उत्तर आलं : कृपया सूचना पुस्तिका वाचावी. तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई एवढंच म्हणाल्या, "आमच्या मशीनमध्ये दोरा उलटा ओवला तर टाकाच पडत नाही. तसं काही नसेल ना?" हा एकमेव उपयोगाचा सल्ला होता. त्यामुळे त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

मेव्हणेबुवांचं निदान तयारच होतं. "मेंदू खराब."

"कोणाचा?" साहेब कडाडले.

बायको शांतपणे मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "अहो, हे टी म्हणजे काय?"

"बोलायची तार."

"आणि आर?"

"ऐकायची."

"मग तुम्ही बोलायची तार बोलायच्या तारेला जोडलीत?" त्यांनी मटाराची शेंग खाली ठेवली. "म्हणजे याचं तोंड त्याच्या तोंडाला, आणि याचा कान त्याच्या कानाला. दोघंही बोलताहेत. ऐकतंय कोण? आमच्या एक्स्चेंजमध्ये पहिल्या दिवशी शिकवायचे, इकडचं तोंड तिकडच्या कानाला."

साहेबांनी पुस्तिका उघडली. पान चारवर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, नेमकं हेच लिहिलेलं होतं.

"हे मला पंधरा दिवसांपूर्वी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? घरात आपलंही तेच, तोंडाला तोंड," असं म्हणून त्या पुन्हा मटार सोलू लागल्या.

घड्याळवाल्यांनी दोन मिनिटांत तारांची अदलाबदल केली. "मी विचारलं होतं, नक्की का," एवढंच ते म्हणाले, पण भिंगातून म्हटल्यामुळे ते फार मोठं वाटलं. पट्ट्या हलल्या! आधी 'वर जा' म्हटलं की ड्रोन उजवीकडे कलायचं ठरवत होता, पण तेवढं साहेबांनी पुस्तिका वाचून, हो, वाचून, स्वतः दुरुस्त केलं. पंखे काढून ठेवून मोटारी फिरवून बघितल्या. त्यांचा आवाज ऐकून साहेबांना आपण दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं.

"आणि फोन मधेच कट झाला तर?" बायकोने विचारलं.

"कोणता फोन?"

"तुमचा आणि त्याचा. तुमचं बोलणं त्याला ऐकू येईनासं झालं, तर त्याने काय करायचं ते सांगून ठेवलंय का?"

नव्हतं. साहेबांनी खाकरून, हे आता करणारच होतो अशा चेहऱ्याने, बोर्डाला सांगून ठेवलं : संपर्क तुटला तर उंच जायचं, जिथून उडालास तिथे यायचं आणि हळू उतरायचं.

उडवायचा कुठे, हा पुढचा प्रश्न. गच्चीवर म्हटलं, तर सोसायटीचे सेक्रेटरी आडवे आले. सेक्रेटरी हे एका गोदामातले निवृत्त हिशेबनीस. लेखी नसलेली कोणतीही गोष्ट घडलेली नसते, असं त्यांचं मत. त्यांनी विचार करून अट घातली. इमारतीच्या मागच्या भिंतीला दोन वर्षं ओल येतेय. मागे दुसऱ्याचं कुलूपबंद आवार, शिडी लावायला जागा नाही. शिवणकामवाल्या बाईंच्या भिंतीला पोपडे आलेत. त्या म्हणतात, वरच्या विमा एजंटांचा नळ गळतो. एजंट म्हणतात, बाईंचाच पाईप फुटलाय. दोघंही एकमेकांशी बोलत नाहीत आणि दोघंही सेक्रेटरींशी मात्र रोज बोलतात. "त्या भिंतीचे फोटो काढून द्या. मग गच्ची तुमची. पण पोलिस चौकीचा कागद आणा."

चौकीतल्या हवालदारांनी अर्ज उलटासुलटा वाचला. "वस्तू कुठून कुठे जाणार?"

"गच्चीवरून गच्चीवर."

"मग जातेच कशाला?" हवालदारांनी अर्ज पुन्हा उलटा केला. "बरं, हद्द दाखवणारा नकाशा जोडा. मोजणीच्या कचेरीतून आणायचा. तिथले लोक जरा हेलपाटे घालायला लावतात, पण इलाज नाही."

साहेब उठले. स्वतःच्याच कचेरीत, खिडकीच्या चुकीच्या बाजूला उभं राहून त्यांनी नकाशासाठी अर्ज दिला. तो आवक झाला, क्रमांक पडला, तीन टेबलं फिरला आणि आठव्या दिवशी, कागदांच्या गठ्ठ्यात, खुद्द साहेबांच्याच टेबलावर आला. साहेबांनी नेहमीप्रमाणे वरचा भाग वाचला, लाल पेन उचललं आणि लिहिलं, 'सोबतच्या कच्च्या आकृतीवर उत्तर दिशा दर्शविलेली नाही. त्रुटी पूर्ण करून पुन्हा सादर करावे.' सही करताना खाली अर्जदाराचं नाव दिसलं.

गच्चीच्या घाईत आयुष्यात पहिल्यांदाच ते उत्तर दिशा काढायला विसरले होते. लाल शेरा खोडता येत नाही. त्यांनी त्रुटी पूर्ण केली आणि पुन्हा रांगेत उभे राहिले. त्या दिवसापासून त्यांच्या टेबलासमोर आलेल्या लोकांना बसायला खुर्ची मिळू लागली, असं कचेरीत बोललं जातं.

कागद आला. रविवारी सकाळी दहाला उड्डाण ठरलं. गच्चीवर अख्खी इमारत जमली. साहेबांनी खडूने फुली काढली, तिच्यावर ड्रोन ठेवला, बॅटरी जोडली. पोटाखाली छोटा कॅमेरा बांधला होता. तो फोटो कार्डावर साठवणार, खाली उतरल्यावर बघायचे. एका टोकाला एजंट, दुसऱ्या टोकाला शिवणकामवाल्या बाई. घड्याळवाले दुकान बंद करून आले होते आणि भिंग आणायला विसरल्यामुळे आकाशाकडे अंदाजाने बघत होते.

"दाजी, ड्रोनच्या दोन तारा बाहेर लोंबत होत्या," मेव्हणेबुवा हळूच म्हणाले. "बरं दिसत नव्हतं. मी सकाळी त्या बॅटरीभोवती नीट गुंडाळून वर चिकटपट्टी लावली."

पण पंखे सुरू झाले होते आणि साहेबांना काही ऐकू गेलं नाही. त्या दोन तारा म्हणजे रिसीव्हरचे अँटेना होते. म्हणजे खरे कान.

ड्रोन उठला. गच्चीवर "अहाहा" असा आवाज झाला. आपण हे केलं, असं साहेब स्वतःशीच म्हणाले. त्यांनी दांडी पुढे केली. ड्रोन कठड्यापलीकडे गेला, मागच्या भिंतीलगत खाली उतरला आणि दिसेनासा झाला. साहेब कठड्याकडे धावले. कठड्यावरून वाकून त्यांनी दांडी डावीकडे केली. ड्रोन डावीकडे गेला. उजवीकडे केली. ड्रोन डावीकडेच जात राहिला. रिमोट केविलवाणा ओरडू लागला.

"काय झालं?" सेक्रेटरी ओरडले.

"फोन कट झाला," बायको म्हणाल्या.

दोन सेकंद काहीच झालं नाही. त्या दोन सेकंदांत साहेबांना खालचं आवार, त्यातले ड्रोनचे तुकडे आणि त्या तुकड्यांचा हवालदारांनी केलेला पंचनामा असं सगळं दिसून गेलं. मग भुंग्यासारखा आवाज चढत गेला, ड्रोन भिंतीआडून सरळ वर आला, सगळ्यांच्या डोक्यांवर गेला आणि कोणाच्याही हुकमाची वाट न बघता गच्चीकडे वळला. तो फुलीवर येणार होता. फुलीवर, ऊन लागतं म्हणून टाकीच्या सावलीत खुर्ची ओढून, सेक्रेटरी बसले होते.

"उठा! उठा!" साहेब ओरडले.

"लेखी सूचना नव्हती!" असं म्हणत सेक्रेटरी जे उठले ते थेट पाण्याच्या टाकीमागे. खुर्ची आडवी झाली, लोक जिन्याकडे धावले, मेव्हणेबुवा सगळ्यांत पुढे होते. ड्रोन हळू, अगदी शिस्तीत, आडव्या खुर्चीशेजारी टेकला आणि पंखे थांबले. साहेबांनी खिशातून टेप काढला. फुलीपासून एक मीटर आठ सेंटिमीटर.

"आमच्या दोन मोजण्यांत याहून जास्त फरक पडतो," ते पुटपुटले. हे मात्र ते फार हळू बोलले.

घाबरलेल्या मंडळींसाठी चहा मागवला गेला. साहेब आणि बायको कार्ड घेऊन खाली घरी आले. कॉम्प्युटरवर एकामागून एक फोटो उघडले. भिंत स्वच्छ दिसत होती. एजंटांचा नळ कोरडा ठणठणीत. बाईंचा पाईप धडधाकट. हिरवं शेवाळ मात्र एका बाजूला सुरू होऊन कडेकडेने तिरकं उतरत बाईंच्या खोलीपर्यंत गेलं होतं. साहेबांनी फोटो मोठा केला. शेवाळाच्या उगमाशी एक पांढरा पाईप होता. तो कपडे धुण्याच्या मशीनचं पाणी मुख्य पाईपात सोडण्यासाठी होता, आणि मुख्य पाईपापासून चार बोटं अलीकडेच संपत होता. सगळं पाणी भिंतीवर.

तो पाईप साहेबांचा होता. लांबी साहेबांनीच मोजून दिली होती. "थोडा जास्त घेऊ का?" असं प्लंबरने विचारलं, तेव्हा साहेब म्हणाले होते, "मला मोजणी शिकवतोस?"

वरून लोकांच्या हसण्याचा आवाज येत होता.

"फोटो हलले म्हणून सांगायचं का?" बायकोने विचारलं. त्यांचा चेहरा अगदी निर्विकार होता, त्यामुळे त्या खरंच विचारताहेत की तपासताहेत, हे कळायला मार्ग नव्हता.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. फोटो तसाच होता. "लोकांच्या हद्दी मोजताना मी कधी कोणाच्या बाजूने सूतभर सरकलो नाही," ते म्हणाले. "आता स्वतःसाठी चार बोटं सरकू?"

ते वर गेले आणि एजंट, बाई आणि सेक्रेटरी यांच्यासमोर उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. चार बोटांसकट. गच्चीवर कप खाली ठेवल्याचे आवाज आले. दोन वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे एजंट आणि शिवणकामवाल्या बाई एकमेकांकडे वळले.

"मी तुम्हाला नाही नाही ते बोललो," एजंट म्हणाले.

"मीही काही कमी नाही बोलले," बाई म्हणाल्या. मग दोघंही एकदिलाने साहेबांना बोलू लागले. पण त्यात राग कमी आणि सुटकेचा आनंद जास्त होता. शेवटी बाईंनाच हसू आलं. भिंत साहेबांनी दुरुस्त करून द्यायची ठरलं आणि सेक्रेटरींनी, अजून टाकीला धरून उभ्या उभ्या, ते लेखी मागितलं. साहेबांनी तिथेच लिहून दिलं. आकृतीसह.

पाईप बदलला, भिंत वाळली. पुढच्या रविवारी साहेब ड्रोन घेऊन गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर गेले. अँटेना आता बाहेर मोकळे होते, आणि मेव्हणेबुवांना चिकटपट्टीपासून लांब, गाडीत बसवलं होतं. साहेबांनी दोन घिरट्या घातल्या, दोन्ही वेळा ड्रोन झुडपात जाता जाता वाचला.

"बघू," म्हणून बायकोने रिमोट हातात घेतला. एकोणतीस वर्षं एकाच वेळी वीस वीस लाइनी सांभाळलेली ती बोटं. ड्रोन सरळ उठला, झाडांच्या शेंड्यांवरून एक मोठं, गोल, संथ वळण घेत उन्हात चमकत पुढे निघून गेला. त्यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं, जे साहेबांनी बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं. की असायचं, पण साहेबच बांध मोजायला गेलेले असायचे?

"जमतंय की गं तुला!" त्यांना कौतुकही वाटत होतं आणि थोडा अपमानही. "मी सांगतो तसं कर. आता जरा डावीकडे..."

"अहो," बायको आकाशावरची नजर न काढता म्हणाल्या, "लाइन चालू आहे. मधे बोलू नका."

मोजणीसाहेब गप्प बसले. आणि ऐकत राहिले.